शेवटच्या सायकलची चेन

आमच्या ह्यांना सगळे शेपूट म्हणतात. म्हणू देत. सव्वीस वर्षं जो माणूस रांगेच्या शेवटी सायकल चालवतो, त्याला काय कोणी तुरा म्हणणार आहे?

काम नीट सांगते, नाहीतर लोकांना वाटतं शेवटी राहणं म्हणजे हरणं. आमची कंपनी पाहुण्यांना सायकलवरून डोंगराळ मुलखातून शेजारच्या देशात नेते आणि पाच दिवसांनी परत आणते. एका फेरीला आठ-दहा पाहुणे. पुढे वाट दाखवणारा असतो, त्याला आम्ही पुढारी म्हणतो, कारण तो बोलतो फार आणि मागे वळून बघत नाही. सामानाची गाडी आधीच वर जाऊन थांबते. आणि सगळ्यांच्या मागे हे. नियम एकच, शेवटच्या माणसाने कोणालाही ओलांडायचं नाही. पाहुणा थांबला की थांबायचं, तो निघाला की निघायचं, तो रस्त्याच्या कडेला बसून रडायला लागला तर शेजारी बसायचं. ह्यांनी ती सीमा तीनशेच्या वर वेळा ओलांडली असेल. पासपोर्टात शिक्के मारायला जागा उरत नाही. पण एकदाही हे पहिले पोचलेले नाहीत.

घरीही तीच गत. दुकानात रांगेत उभे राहिले की 'तुम्हाला घाई असेल, व्हा पुढे' करत चार जणांना पुढे घालतात, आणि साबण संपला की हात हलवत परत येतात. मी करवादले की म्हणतात, मिळेल उद्या. आमची लेक झाली तेव्हासुद्धा हे दवाखान्यात पोचेपर्यंत ती दूध पिऊन झोपली होती.

मी त्याच कंपनीत मिस्त्री आहे. ऑफिसच्या मागे पत्र्याची एक खोली आहे, ती माझी. भिंतीवर खिळ्यांना पाने टांगलेले, प्रत्येकाच्या भोवती खडूने त्याचा आकार काढलेला, म्हणजे कोणी उचलून नेला की भिंतच चुगली करते. माझ्या हाताखालून गेलेली सायकल रस्त्यात दगा देत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. निदान तेव्हा सांगत होते.

या धंद्यात मी आले ती चेनमुळेच. लग्नाला एकवीस दिवस झाले होते. मी सपाट मुलखातली. इकडे नुसता चढ, ढग आणि अनोळखी माणसं. माहेरच्या आठवणीने जीव नुसता कासावीस व्हायचा, ह्यांच्याशी धड बोलतसुद्धा नव्हते. आईने बजावून पाठवलं होतं की नवऱ्याला त्रास देऊ नकोस, म्हणून रडायचे ती न्हाणीघरात. एका सुट्टीला हे म्हणाले, चल, तुला सीमा दाखवतो. दोन सायकली घेऊन निघालो. चौदा किलोमीटरचा चढ. माझी छाती फुटायची वेळ आली होती, पण सांगायचं कसं? तेवढ्यात ह्यांची चेन पडली. लहानपणी भावाची चेन बसवायचे, तशी ही बसवून दिली. पुढच्या वळणावर परत पडली, मग परत. वर पोचेपर्यंत अकरा वेळा. माझे हात काळेकुट्ट झाले, पण मी वर पोचले होते, आणि डोक्यात पक्कं बसलं होतं की या माणसाचं माझ्याशिवाय काही खरं नाही. महिन्याभरात मी मोठ्या मालकांकडे पाना मागितला.

आता मोठे मालक थकले आणि त्यांचा मुलगा कारभार बघतो. मुलगा चांगला आहे, आम्हाला काका-काकू म्हणतो, पण त्याला सगळं कागदावर लागतं. या वर्षापासून त्याने पाहुण्यांकडून अभिप्राय लिहून घ्यायला सुरुवात केली. एका सकाळी त्याने मला ऑफिसात बोलावलं आणि चौदा कागद पुढ्यात टाकले. वेगवेगळी माणसं, वेगवेगळ्या फेऱ्या, पण तक्रार एकच. शेवटच्या म्हाताऱ्या मार्गदर्शकाची सायकल फार खराब आहे, चढावर तिची चेन सारखी पडते, आम्हाला त्यांच्यासाठी थांबावं लागलं.

मला ब्रह्मांड आठवलं. ती चेन मी पावसाळ्याआधीच नवी घातली होती. धाकटे मालक मात्र शांतपणे म्हणाले की सीमेवरचं फाटक चारला बंद होतं, सगळ्या सायकलींचे नंबर जुळल्याशिवाय तिथले साहेब एकालाही सोडत नाहीत, आणि काकांपायी अख्खी फेरी खोळंबते. येत्या फेरीला ते स्वतः येणार. काकांमुळे पुन्हा थांबावं लागलं तर मागे गाडी ठेवायची आणि काकांनी घरी बसायचं.

घरी बसायचं! सव्वीस वर्षं ज्या माणसाला डोंगराशिवाय दुसरी खोली माहीत नाही, तो घरी बसून करणार काय? रांगेत लोकांना पुढे घालणार?

घरी आल्यावर मी ह्यांना फैलावर घेतलं. चेन पडते तर मला सांगितलं का नाही? चौदा माणसांनी माझं काम वाईट आहे असं लिहून दिलं, माझी काय इज्जत राहिली? हे जेवत राहिले. म्हणाले, चेन आहे, पडते कधीतरी. मी सायकल आत आणली, उलटी करून तासभर पेडल फिरवलं. चेन जागची हलली नाही. मग मला वेगळीच शंका आली, की वय झालं म्हणून हे स्वतःच थांबत असतील आणि चेनवर ढकलत असतील. त्या विचाराने मला रात्रभर नीट झोप लागली नाही.

त्या फेरीला मीही सामानाच्या गाडीत बसले. पाहुण्यांमध्ये शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, साठी ओलांडलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारून ठेवलं होतं की जमलं नाही तर गाडीत बसता येईल ना. धाकट्या मालकांनी येईल म्हणून सांगितलं होतं. चढाच्या दिवशी सगळे पुढे गेले, बाई मागे पडल्या, आणि त्यांच्या मागे अर्थातच हे. गाडी फाटकाकडे निघाली होती. मी तीन वळणं आधीच उतरले आणि केळीच्या झाडांमागे उभी राहिले. म्हटलं, आज काय तो सोक्षमोक्ष लागू दे.

आधी बाई दिसल्या. तोंड लालबुंद, पुढचं चाक या कडेहून त्या कडेला जात होतं. मागे हे, तोंड मिटून नाकाने श्वास घेत, बाजारातून भाजी आणायला निघाल्यासारखे. दमबिम काही नाही. बाईंचा पाय जमिनीला टेकायच्या बेतात होता, आणि एकदा टेकला असता तर त्यांनी गाडीच मागितली असती, ते मला इतक्या लांबून कळत होतं. हे थांबले. इकडेतिकडे पाहिलं. वाकले, एका बोटाने चेन चकतीवरून उतरवली आणि मग हाक मारली, "बाई, जरा थांबता का? माझी परत पडली."

बाई उतरल्या. "थांबते की," म्हणाल्या. ह्यांची सायकल धरून उभ्या राहिल्या. ह्यांच्यासारखा कसबी माणूस, पण चेन बसवायला मुद्दाम एवढा वेळ लावत होते की मला तिथे जाऊन हातातून हिसकावून घ्यावीशी वाटली. शेवटी बाईंनीच बोटं काळी करून ती बसवली. तोवर त्यांचा श्वास खाली बसला होता, चेहऱ्याची लाली उतरली होती. त्याच ह्यांना धीर देत होत्या, की चला, आता थोडंच राहिलंय.

माझा राग कुठल्या कुठे पळाला. आणि मग ती अकरा वेळा पडलेली चेन आठवली. मी केळीच्या बुंध्याला धरून खाली बसले. इतकी वर्षं हातात पाना घेऊन मिरवतेय, आणि एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पाऊलवाटेने मी त्यांच्या आधी फाटकाशी पोचले. साहेब सायकली मोजून बसले होते, दोन कमी. धाकटे मालक घड्याळ बघत येरझारा घालत होते. चारला पाच मिनिटं कमी असताना बाई वर आल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी काळे हात वर करून दाखवले आणि म्हणाल्या, सात वेळा पडली ह्यांची चेन, पण मी आणलंच ह्यांना वर. त्या हसत होत्या नि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

धाकटे मालक ह्यांच्याकडे वळले. "काका, मी सांगितलं होतं. ही तुमची शेवटची फेरी."

हे खाली मान घालून उभे. खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण बाई तिथेच होत्या, हात अजून वर. मी खरं बोलले असते तर तो अख्खा चढ त्यांच्याकडून काढून घेतला असता.

"मालक," मी म्हटलं, "चेन मी कापते. गेलं वर्षभर दोन कड्या जास्त राहतायत माझ्या हातून, म्हणून ती सैल पडते. दोष ह्यांचा नाही, माझा आहे."

ह्यांनी झटकन वर पाहिलं. मी डोळे वटारले. धाकटे मालक सगळ्यांसमोर मला म्हणाले की काकू, इतकी वर्षं झाली आणि चेन मोजता येत नाही? काकांना राहू दे, पण यापुढे तुम्ही तयार केलेली प्रत्येक सायकल पुढारी तपासेल, मगच ती बाहेर जाईल. ज्या पुढाऱ्याला साधं पंक्चर काढता येत नाही, तो माझं काम तपासणार! मी मान हलवली.

संध्याकाळी पलीकडच्या देशातल्या मुक्कामी, अंगणात, मी ह्यांची सायकल उलटी करून बसले होते. सगळ्यांना दिसायला हवं म्हणून खरोखरच दोन कड्या काढत होते. हे येऊन शेजारी उकिडवे बसले. माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले की आता चेन पडायची नाही.

मी विचारलं, मग त्या बाईंसारखं कोणी आलं तर?

"बुटाची नाडी सुटेल. नाडी काही मिस्त्रीच्या खात्यात येत नाही."

मला हसू आलं. पण विचारायचं होतं ते राहून गेलं असतं, म्हणून पाना खाली ठेवला.

"आपल्या वेळी अकरा वेळा पडली होती. अकराही वेळा तुम्हीच पाडलीत?"

"नाही," हे म्हणाले. "पहिल्यांदा खरीच पडली होती. तू बसवलीस आणि लग्नानंतर पहिल्यांदा हसलीस. मग उरलेल्या दहा वेळा मी पाडली."