कॉम्प्युटर माझा, उत्तरं नवऱ्याला

मंडळी, अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

आज चोपड्याहून एसटीत कॅबिनेट मांडीवर घेऊन जळगावला कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. माझ्या गेमिंगच्या कॉम्प्युटरला नवीन ग्राफिक्स कार्ड टाकायचं की कॉम्प्युटरच नवा घ्यायचा, एवढंच विचारायचं होतं. सोबत नवरा होता.

प्रश्न मी विचारला, पण दुकानदार बोलला नवऱ्याशी. "भाऊ, हा डब्बा झालाय. नवाच घ्या."

मी म्हटलं, "प्रोसेसर चांगला आहे. कार्ड आणि पॉवर सप्लाय बदलला तर चालेल ना?"

तो हसला. "ताई, पोरांच्या गेमसाठी एवढं डोकं कशाला लावता?"

आम्हाला मूलबाळ नाही. शाळेतून शिकवून आल्यावर खेळते ती मी. नवऱ्याला हे चांगलं माहीत आहे. तरी तो दुकानदाराला म्हणाला, "तुम्हीच सांगा, कोणता घेऊ?"

मी कॅबिनेट उचललं आणि बाहेर आले. रिक्षात बसूनच कार्ड आणि पॉवर सप्लाय ऑनलाइन मागवले.

"एवढं काय चिडायचं? गेमच तर आहे," नवरा म्हणाला.

दुकानदार परका होता, त्याचं सोडून देईन. पण "कॉम्प्युटर हिचा आहे, हिच्याशी बोला," एवढं म्हणायला घरच्या माणसाला काय जड जातं हो?