गिअरचा दांडा आणि मागची डावी सीट

एका सरकारी खात्याने आपली जुनी पांढरी गाडी लिलावात काढली, तेव्हा बोली लावणारे आम्ही दोघेच होतो. दुसरा भंगारवाला होता. माझा चेहरा पाहून त्याने दयेने माघार घेतली. मी आदिलाबादच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. जुन्या वस्तूंविषयी माणसाला जिव्हाळा असावा, असं मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, “असू द्या की. पण त्यांना चालायला सांगू नका.”

या गाडीचा गिअर स्टिअरिंगखाली होता. दांडा वर हाताशी, गिअरबॉक्स खाली इंजिनामागे, आणि दोघांचा व्यवहार दोन सळयांमार्फत चालायचा. कुठल्याही कचेरीसारखंच ते होतं. वरून पहिला गिअर सांगितला की खाली पोहोचेपर्यंत त्याचा तिसरा झालेला असायचा. सळयांच्या टोकाचे नट फिरवून वरचं आणि खालचं न्यूट्रल जुळवायचं, एवढंच काम. मी गाडीचं पुस्तक वाचलं, गिअरबॉक्सखाली जॅक लावला, गाडीखाली शिरलो आणि सगळं अगदी चित्राबरहुकूम जुळवलं. मग जॅक काढला, पहिला गिअर टाकला, आणि गाडी मोठ्या निर्धाराने मागे जाऊन शेजाऱ्यांच्या फाटकावर आदळली. फाटकाला काही झालं नाही. पण त्यावर शेजाऱ्यांच्या सगळ्या पदव्यांची पितळी पाटी होती.

“पीएचडी वाकली हो!” शेजारी म्हणाले. पुढचे तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी या गाडीचा जुना ड्रायव्हर शोधला. बावीस वर्षं त्याने हीच गाडी चालवली होती, आणि आता निवृत्त होऊन तो भीमपूरला सोयाबीन पाहत होता. तो बसने आला. बोनेट उघडून आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“इचं काय करून ठेवलं, सर? जॅक कुठं लावला होता?”

“गिअरबॉक्सखाली.”

मी उत्तरपत्रिकांकडे पाहतो तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. “इंजन फाउंडेशनच्या रबरावर बसते. तुमी त्याले खालून उचलून धरलं अन् मंग माप घेतलं. माणसाले बगलेत धरून लटकवलं अन् पँटीचं माप घेतलं, तं पँट बरोबर येईन का?”

मजुरी किती, असं विचारल्यावर तो म्हणाला, “पैसे नको. रविवारी गाडी पायजे. बायकोले इचोड्याले न्यायचं हाय.”

त्याची मुलगी इचोड्याला दिलेली. तिच्या सासूचं रस्त्यावरच कापडाचं दुकान. मागच्या सीटवर साहेबासाठी जो पांढरा टॉवेल असतो, तो ड्रायव्हरची बायको बावीस वर्षं दर आठवड्याला धूत आली होती. साहेब बदलायचे, टॉवेल तोच. पण सरकारी गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, म्हणून त्यावर ती एकदाही बसली नव्हती. मुलीच्या लग्नात तिने कौतुकाने नवऱ्याच्या गाडीचा विषय काढला, तेव्हा विहीण सगळ्यांदेखत म्हणाली होती, “गाडी तं साहेबाची, बाई. तुमी बसल्या का कधी तिच्यात?”

“तवापासून इचोड्याचं नाव काढलं की तिचं डोकं दुखते,” तो म्हणाला. “त्या दुकानासमोर गिअर अडकला अन् मले बोनेट खोलावं लागलं, तं मी मेलो.”

त्याने सळयांच्या सांध्यांतले झिजलेले बुश बदलले. चारही चाकं जमिनीवर ठेवून, वरूनच हात घालून सळया जुळवल्या. दांडा न्यूट्रलवर धरून बसायचं, हे काम माझ्याकडे होतं. “हालू नका, सर. इचारही करू नका.” हे मला जमतं. स्टाफ मीटिंगांनी सवय लावली आहे.

रविवारी ड्रायव्हर आणि मी गाडीने भीमपूरला गेलो. बाई इस्त्री केलेला टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. तो त्यांनी मागच्या डाव्या सीटवर अंथरला आणि ताठ बसल्या. मी पुढे बसलो. हायवेवर गिअर लोण्यासारखे पडत होते. इचोडा दिसू लागलं, पुढचा ट्रक अचानक हळू झाला, ड्रायव्हरने दुसरा टाकायला दांडा ओढला, आणि तो मध्येच अडकला. आरशात मला फक्त टॉवेलचं टोक घट्ट धरलेली मूठ दिसत होती. त्याने क्लच पुन्हा दाबला, दांडा न्यूट्रलवर आणला, पुटपुटला, “ऐक ना वं,” आणि दुसरा पडला.

दुकानासमोर गाडी थांबली. आनंदाच्या भरात ड्रायव्हर उतरला आणि लेकीला हाका मारत थेट आत गेला. बाई बसूनच राहिल्या. मागच्या डाव्या दाराला आतून मूठच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ती कधीतरी तुटली असेल. कोणत्याही साहेबाला तिची गरज पडली नव्हती, म्हणून कोणी बसवलीही नव्हती. विहीण हातात मीटरपट्टी घेऊन पायरीवर आली आणि बघत उभी राहिली. मी उतरायला लागलो, तर मागून हळूच आवाज आला, “तुमी नका, सर.”

मग मोठ्याने: “अवो! दरवाजा!”

ड्रायव्हर धावत आला. पण दाराशी पोहोचताच त्याचा देह आपोआप ताठ झाला. एका हाताने दार उघडलं, दुसरा हात दाराच्या वरच्या कडेला धरला, डोकं लागू नये म्हणून. बाई सावकाश उतरल्या. विहिणीने मीटरपट्टी खाली ठेवली.

“या, इहीनबाई,” ती म्हणाली, आणि गल्ल्यावरची स्वतःची खुर्ची पुढे ओढली.

परत निघताना बाई नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आता यायलेबी बसू द्या मांगं. सर चालवतीन.” मी चालवली. प्रत्येक गिअर सांगितला तोच पडला. भीमपूरला त्यांच्या घरासमोर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. शेजारपाजार ओट्यावर जमला होता. मागून कोणी उतरेना. आरशात पाहिलं, तर दोघंही समोर बघत बसलेले.

मी उतरलो, वळसा घालून गेलो आणि दार उघडलं.

“सर,” ड्रायव्हर आतून म्हणाला, “हात वर धरा ना. डोक्याले लागन तिच्या.”