आइस्क्रीमच्या पेटीतल्या बरगड्या

वेल्डरने ते यंत्र स्वतःच बनवलं होतं. तेलाचं जुनं पिंप आडवं कापून त्याला बिजागऱ्या लावल्या, वर धुराडं बसवलं, खाली चाकं जोडली, आणि मग त्या पिंपाने त्यालाच बांधून घातलं. कुणाचं लग्न असो, कुणाची निवृत्ती असो, शे-दीडशे माणसांसाठी धुरावरच्या बरगड्या म्हटलं की बोलावणं त्यालाच. आठवडाभर लोकांची फाटकं जोडायची आणि सुट्टीच्या दिवशी मांसाजवळ उभं राहायचं, असं त्याचं आयुष्य चाललं होतं.

उभं म्हणजे अगदी उभंच. कुणी खुर्ची दिली तर तो तिच्यावर लाकडं रचायचा. बरगड्या विस्तवावरून उतरल्या की थेट ताटात पडल्या पाहिजेत, हा त्याचा हट्ट. पाहुणे जेवायला बसत तेव्हा हा धुरात, आणि पाहुणे हात धुवायला उठत तेव्हा हा पिंप घासत असे. घरातल्या फोटोंत तो जवळजवळ नाहीच. एकात आहे, तोही पाठमोरा. मुलगी शाळेच्या नाटकात राणी झाली, त्या दिवशी कुठल्याशा कारखान्याचं जेवण होतं. ती कशी दिसत होती ते त्याला शेजारणीकडून कळलं.

त्याच्या धाकट्या भावाची आइस्क्रीमची गाडी होती. भाऊ कधीचा त्याच्या कानी कपाळी ओरडत होता, की बरगड्या वेळेआधी उतरव, कागदात गुंडाळ आणि माझ्या पेटीत ठेव. जी पेटी गारवा धरून ठेवते ती ऊबही धरून ठेवते. यावर वेल्डरने एकदा चारचौघांत जाहीर केलं, की तुझ्या पेटीतल्या बरगड्या मग कोनातच वाढाव्या लागतील. सगळे हसले. भाऊही हसला, पण पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

मग मुलीचं लग्न ठरलं. दुपारी कचेरीत सह्या आणि लगेच वर्कशॉपच्या अंगणात जेवण. बरगड्या बाबांच्याच हातच्या हव्यात, हे तिने ठणकावून सांगितलं. पण त्याबरोबर एक अटही घातली.

"जेवताना तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. मधे उठायचं नाही. एवढं जमणार असेल तरच पिंप पेटवा."

वेल्डर हो म्हणाला आणि मग त्याची झोप उडाली. कारण मांस घड्याळाला भीक घालत नाही. अर्धं शिजलं की त्याला घामासारखं पाणी सुटतं आणि ते तिथेच अडून बसतं. कितीही लाकडं घाला, ढिम्म हलत नाही. किती झालंय म्हणून झाकण उघडून बघावं, तर आतली धग निघून जाते आणि आणखी उशीर होतो. बरगड्या सह्यांच्या वेळी तयार होतील की पाहुणे उठून गेल्यावर, कोण सांगणार? आपल्या जागी बायकोला उभं करावं, असं त्याच्या मनात आलं. मुलगी माझीही आहे, असं म्हणून तिने तो बेत जागीच मोडून काढला.

शेवटी तो भावाकडे गेला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, दोन चहा झाले, आणि तिसरा नको म्हणताना त्याने पेट्या मागितल्या.  व्हॅनिलाचा वास जाईपर्यंत धुवाव्या लागतील, एवढंच भाऊ म्हणाला.

लग्नाच्या दिवशी वेल्डरने उजाडायच्या आत पिंप पेटवलं. मांस अडायचं तेव्हा अडलं, पण या वेळी हातात सवड होती. सकाळ सरता सरता त्याने चिमट्याने बरगड्यांची एक पट्टी मधोमध उचलली. ती दोन्हीकडून वाकली, वरच्या सालीला चीर गेली. झाल्या होत्या. भावाने पेट्यांत उकळतं पाणी ओतून त्या तापवल्या, पाणी फेकून कोरड्या केल्या, बरगड्या गुंडाळून आत रचल्या, वर जुनी ब्लँकेटं दाबली आणि मगच विचारलं, "दादा, कोन किती आणू?"

सह्यांच्या वेळी वेल्डर मुलीच्या मागेच उभा होता. सदरा नवा होता, पण वास धुराचा. जेवताना तो तिच्या शेजारी बसला खरा, पण जीव थाऱ्यावर नव्हता. सगळ्या गावासमोर आज नाक कापलं जाणार, याची त्याला खात्री होती. दोनदा तो अर्धवट उठला, दोन्ही वेळा मुलीने बाही धरून खाली बसवलं.

भावाने पेटी उघडली, आणि वाफेचा लोट वर आला.

वेल्डरने पहिला घास घेतला. मांस हाडावरून अलगद सुटलं. रस आत मुरला होता, धूर मऊ झाला होता. इतक्या वर्षांत त्याच्या हातून इतक्या चांगल्या बरगड्या कधी झाल्याच नव्हत्या. पंगतीत कुणी बोलत नव्हतं, सगळे खात होते. त्याला आनंद झाला, आणि त्याच घासाबरोबर एक गोष्ट कळलीही. उभं राहायची गरजच नव्हती. कधीच नव्हती.

मुलीच्याही ते ध्यानात आलं असावं. बोटं चाटत ती म्हणाली, "म्हणजे नाटकालासुद्धा येता आलं असतं तुम्हाला."

"आलं असतं," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "राणीला बोलायचं काय होतं?"

"एकच वाक्य होतं. महाराज आल्याशिवाय कुणी जेवायला बसू नका."

वेल्डरने हातातली बरगडी ताटात ठेवली. मुलीने आणखी एक त्याच्या ताटात वाढली आणि म्हणाली, "जेवा आता."