मोठ्या बाईंसाठी वाईन

आमच्या मोठ्या बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, तेव्हा शाळेनं त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मला त्यांना आणखी काही द्यायचं होतं. मधल्या सुट्टीत डबा खाताना त्या एकदा म्हणाल्या होत्या, "एवढी पुस्तकं वाचली. त्यात जो तो वाईन पिते. ते लागते कशी, मले काही समजलं नाही." बाकीच्या शिक्षिका हसल्या. बाई हसल्या नव्हत्या.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी आंधळगावहून बसने भंडाऱ्याला गेले. तोंडाला स्कार्फ घट्ट बांधला होता. दारूच्या दुकानात जायची पन्नास वर्षांतली ही पहिलीच वेळ. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘वाईन शॉप’ लिहिलेलं.

"वाईन पाहिजे," मी म्हटलं.

"व्हिस्की का रम?"

"वाईन."

दुकानदार खाली वाकला. मग त्यानं अगदी खालच्या फळीवरच्या पाच-सहा बाटल्या काढून फडक्यानं पुसल्या. "कोणासाठी?"

"आमच्या बाई रिटायर झाल्या. पहिल्यांदाच पिणार आहेत."

त्यानंतर तो माणूस एकदम मन लावून निवडायला लागला. लाल बाटली बाजूला सरकवली. "हे नोका घेऊ. पहिल्यांदा तुरट लागते, जीभ जांभळं खाल्ल्यावानी होते." दुसरी उचलली. "बूच काढाचा स्क्रू हाये का त्यायच्या घरी?" तो कुठून असणार? शेवटी त्यानं फिरकीच्या झाकणाची पांढरी वाईन पुढे केली. "थंडी करून प्या म्हणा."

मग त्यानं दारू घ्यायला लागणाऱ्या एक दिवसाच्या परवान्याचा कागद काढला आणि नाव विचारलं. मी स्कार्फ खाली केला आणि पूर्ण नाव सांगितलं.

रविवारी दुपारी मी बाईंकडे गेले. त्या एकट्याच राहतात. वर्तमानपत्राचा कागद उलगडून त्यांनी बाटली पाहिली आणि त्या खुर्चीवर बसल्याच. "तुह्या ध्यानात होतं?"

बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि आम्ही भात-भाजी करून जेवलो. मग स्टीलच्या पेल्यांत वाईन ओतली.

"आंबट हाये," बाई म्हणाल्या.

"खराब आहे का?"

"थांब ना, पिऊन राहिली ना मी." दुसरा घोट त्यांनी बराच वेळ तोंडात धरला. "पण हे आंबट असते, असं पुस्तकात काहून लिहीत नाही कोणी?"

मला ती मुळीच आवडली नाही. तसं सांगितल्यावर त्यांनी माझाही पेला संपवला.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "संपली आज. रोज थोडी थोडी घेतली. झोप मस्त लागे. पण ते वाईनीनं, का सकाळी शाळेत जाचं नाही म्हणून, ते काही सांगता येत नाही."