एकोणीस टोपणं

चष्मेवाल्याच्या घरी एकोणीस टोपणं आहेत आणि त्यांना बसेल असा डबा एकही नाही. हे वाक्य त्याच्या बायकोचं. पाहुणे आले की चहाबरोबर ती तेही वाढते, आणि चष्मेवाला गालातल्या गालात हसत बिस्किटांची बशी पुढे सरकवतो.

टोपण म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. छत्तीस वर्षांपूर्वी एका कंपनीच्या व्हिडिओ गेमच्या मशीनची चलती होती. कंपनीला वाटलं, याच मशीनच्या डोक्यावर बसवायचं आणखी एक यंत्र काढू; रंग जास्त दिसतील, चित्रं मोठी दिसतील, लोकांच्या उड्या पडतील. उड्या काही पडल्या नाहीत. यंत्र काळं, फुगीर, त्याला वायर वेगळी, अडॅप्टर वेगळा, आणि त्याच्यावर चालतील अशा कॅसेटी मोजून सहा. अकरा महिन्यांत कंपनीने कान पकडले आणि उरलेला माल दुकानदारांच्या गळ्यात मारला. आता हे टोपण जमवणारे चार वेडे जगात आहेत आणि ते फोनवर एकमेकांना फोटो पाठवत असतात. आपला चष्मेवाला त्यांच्यातलाच. पण बाकीच्यांकडे खालचं मूळ मशीन आहे, याच्याकडे नाही. ग्रुपमधला, याच गावातला दातांचा डॉक्टर त्याला अधूनमधून विचारतो, "अहो, घोडा नाही तर नुसते लगाम कशाला जमवताय?"

माणूस तसा कामात पक्का. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून फ्रेममध्ये काचा बसवतो. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू हातातून निसटला तर बाकीचे लोक गुडघ्यावर बसून फरशी चाचपतात. हा जागचा हलत नाही. टिक असा आवाज कुठून आला ते ऐकतो आणि नेमकं तिथेच बोट ठेवतो. अशा माणसाला टोपण एकटं चालत नाही हे कळत नसेल असं कसं होईल? त्याला ते आठव्या वर्षापासून माहीत आहे.

पहिलं टोपण बाबांनी आणलं होतं. बाबा छापखान्यात प्रूफं तपासायचे. दुपारी तीनला घरातून निघायचे ते मुलं झोपल्यावर परत यायचे, त्यामुळे बापलेकांची भेट काय ती सकाळच्या न्याहारीला. चुकीचा त्यांना भयंकर राग. दुसऱ्याच्या नाही, स्वतःच्या. एकदा निधनवार्तेत एक्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांचं वय अठरा छापलं गेलं, तर बाबा त्यांच्या घरी जाऊन विधवेची माफी मागून आले. ती बाई म्हणे हसली. बाबा मात्र आठवडाभर नीट जेवले नाहीत.

अशा माणसाने एका सकाळी खेळण्यांच्या दुकानातल्या शेवटच्या टेबलावरून, चष्मा छापखान्यात विसरलेला असताना, टोपणाचा खोका उचलला. खोक्यावर चित्र अख्ख्या मशीनचं होतं. घरी येऊन त्यांनी तो दोन्ही मुलांच्या पुढ्यात ठेवला. म्हणाले, "मी संध्याकाळी नसतो. तुम्ही लावा आणि उद्या मला सांगा काय काय असतं ते." चेहरा असा फुललेला, की मुलांनी तो त्याआधी तसा पाहिला नव्हता.

संध्याकाळी ताईने खोक्याच्या बुडाशी छापलेलं मुंगीएवढं वाक्य वाचलं. मूळ मशीन सोबत मिळणार नाही, वेगळं घ्यावं. ताई बारा वर्षांची होती, पण तिचं डोकं चौदा वर्षांचं. ती म्हणाली, "छोट्या, बाबांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही." छोट्याने, म्हणजे आपल्या चष्मेवाल्याने, मान डोलावली. सकाळी बाबांनी विचारलं, "काय, चाललं का?"

"चाललं!" ताई म्हणाली.

"काय असतं त्यात?"

ताईने खोक्यात मिळालेल्या कॅसेटच्या वेष्टनाकडे पाहिलं. त्यावर हातात वल्हं घेतलेला एक माणूस होता. "एक नावाडी असतो, बाबा. त्याला नदीपलीकडे जायचं असतं."

मग काय, रोज सकाळी नावाडी. पुलाखाली किल्ल्या विकणारी म्हातारी आली, किल्ली गिळणारा कुत्रा आला, तीन शेपट्यांचा राजा आला, भाड्यावरून भांडणाऱ्या मगरी आल्या. बाबांना थापा मारणं सोपं नव्हतं. प्रूफं तपासणारा माणूस! "परवा पूल दोन होते, आज तीन कसे?" असं घास हातात धरून विचारायचे. तेव्हा मुलांनी एक वही केली आणि त्यात पूल, मगरी, किल्ल्या सगळ्यांची नोंद ठेवली. संध्याकाळी टोपण मधोमध ठेवून दोघं त्याच्याभोवती बसायची, त्याची बटणं दाबायची आणि उद्याचं रचायची. वर्षभर हे चाललं. मग ताईची शाळा सकाळची झाली, न्याहारीला ती नसायची, आणि एकट्या छोट्याला थाप रेटेना. नावाडी नदीच्या मधोमध राहिला. पुढे घर बदलताना टोपणही कुठेतरी हरवलं.

तिशी ओलांडल्यावर भंगाराच्या गाडीवर त्याला तसंच टोपण दिसलं आणि त्याने ते छातीशी धरून घरी आणलं. मग दुसरं, तिसरं. मूळ मशीन मात्र त्याने मुद्दाम घेतलं नाही. त्याला भीती वाटायची. खरा खेळ एकदा पडद्यावर पाहिला, तर ताईचा नावाडी कायमचा जाईल असं वाटायचं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगून समजेल असं ते कारण नव्हतंच.

आणि मग बाबा आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तीन महिने मुलाकडे राहायचं ठरलं. झोपायला दिली ती नेमकी टोपणांची खोली. दुसऱ्या दिवशी चष्मेवाला दुकानातून घरी येतो तर बाबा पलंगावर बसलेले आणि मांडीवर एक खोका.

"छोट्या, हे तर आपलंच मशीन! आणि एवढी! अरे, मग लाव की. एवढी वर्षं झाली, तो नावाडी पलीकडे पोचला का ते मला काही कळलं नाही."

"लावू की, बाबा," चष्मेवाला म्हणाला. "रविवारी. ताई येऊ दे."

दुसऱ्याच दिवशी तो दातांच्या डॉक्टरच्या दारात. "घोडा हवाय," म्हणाला. डॉक्टरने समोरच्या पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून आतून मशीन आणून दिलं, वर पाठ थोपटली. दुपारच्या सुट्टीत चष्मेवाल्याने दुकानाच्या मागच्या खोलीत ते लावलं. ताईही आली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सुई टोचताना पेशंटला असं काही सांगत सुटते, की बाटली भरल्यावर लोक विचारतात, "झालं? मग पुढे काय झालं?"

दोघांनी मिळून छत्तीस वर्षांत पहिल्यांदा टोपण चालू केलं. निळी पट्टी म्हणजे नदी. चार पिवळे चौकोन म्हणजे नावाडी. हिरवा चौकोन, म्हणजे मगर, येऊन आपटला की नावाडी बुडतो आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी वीस मिनिटं खेळून पाहिलं. म्हातारी नाही, राजा नाही. नाव सरळ पुढे जात राहते. या नदीला पलीकडचा काठच नव्हता.

"शी!" ताई म्हणाली, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ताईचा नावाडी जाईल म्हणून चष्मेवाला इतकी वर्षं घाबरत होता, पण या चार चौकोनांची त्याला हात लावायचीही ऐपत नव्हती. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं त्याला. मग हसू ओसरलं.

"रविवारी बाबांना सांगून टाकू," ताई म्हणाली.

"वेडी आहेस का? ऐंशी वर्षांच्या माणसाला सांगायचं, की तुम्ही एवढ्या हौसेने आणलं ते बिनकामाचं होतं? अठराचं एक्याऐंशी आठवतंय ना?"

"एक्याऐंशीचं अठरा."

"तेच ते. आपण खेळ दाखवू. म्हातारी कुठे आहे म्हणाले तर म्हणू, पुढे येते."

"तू त्यांची चूक झाकतोयस की आपली?" ताईने विचारलं. तो मशीनच्या वायरी काढायला लागला. शेवटी ती म्हणाली, "बरं बाबा, तू म्हणशील तसं."

त्याच आठवड्यात चष्मेवाल्याने आणखी एक काम केलं. बाबांचा जवळचा नंबर बदलला होता, जुन्या चष्म्यातून त्यांना पेपर धड दिसत नव्हता. त्याने स्वतः तपासून, स्वतः काच घासून त्यांना नवा चष्मा करून दिला. इतका सुरेख चष्मा त्याने गिऱ्हाइकालाही कधी दिला नसेल. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेणं म्हणतात, ते हे.

रविवारी सगळे टीव्हीसमोर बसले. बाबांच्या हातात कंट्रोलर, गुडघ्याखाली उशी. नाव निघाली, बुडाली. पुन्हा निघाली, पुन्हा बुडाली. बाबांना मजा येत होती, ते मगरींना चांगल्या खणखणीत शिव्या देत होते. मग म्हणाले, "म्हातारी कुठे आहे?"

"पुढे येते," चष्मेवाला म्हणाला.

"पुढे कुठे? इथे तर नुसतं पाणी." बाबांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि सवयीने शेजारचा खोका उचलला. हातात छापील मजकूर आला की तो माणूस शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारच. समोरची बाजू वाचली. पाठ वाचली. मग खोका उलटा केला, नवा चष्मा नाकावर नीट बसवला आणि मोठ्याने वाचलं, "मूळ मशीन सोबत मिळणार नाही, वेगळं घ्यावं."

बाबांनी टोपणाखालच्या मशीनला बोट लावलं. "हे मी आणलं नव्हतं."

"नाही," ताई म्हणाली.

"मग ते चाललं कसं?"

"नाही चाललं, बाबा. कधीच नाही. आम्ही रचून सांगायचो." आणि तिने सगळं सांगितलं, वहीसकट. चष्मेवाला मान खाली घालून वायरीचं वेटोळं करत बसला. आपल्या हाताने केलेल्या चष्म्याने आज बापाची चूक बापाला दाखवली होती.

"म्हातारी कोणाची?" बाबांनी विचारलं.

"माझी."

"आणि तो नावेत बसलेला कुत्रा? किल्ली गिळणारा?"

"माझा," चष्मेवाला वर न बघता म्हणाला.

बाबांचे खांदे हलायला लागले. चष्मेवाला घाबरून उठला, पण ते हसत होते. आवाज न फुटता, पोट धरून. बायको स्वयंपाकघरातून पाणी घेऊन धावत आली.

"अरे गाढवांनो," बाबा दम खात म्हणाले, "मी रोज कामावर गेलो की हे सगळ्यांना सांगायचो! अख्खी पाळी छपाईचा पहिला फर्मा सुरू व्हायच्या आधी माझ्याभोवती जमायची. अकरा माणसं! टाइपाचे खिळे जुळवणारा तर जेवणाचा डबा उघडायचा नाही, आधी नावाड्याचं बोला म्हणायचा. मी सांगत होतो, माझ्या घरी मशीन आहे म्हणून! आता त्याला खरं सांगायला हवं. चूक ती चूक. फोन लाव."

"आत्ता?" चष्मेवाला म्हणाला.

"मग काय पुढच्या आवृत्तीत?"

खिळे जुळवणाऱ्याला ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर. दोन वेळा कोण, कोण झालं. मग बाबा ओरडून म्हणाले, "अरे, ते नावाड्याचं मशीन! ते चालतच नव्हतं! मी अर्धंच आणलं होतं, चूक माझी! पोरं मनाने रचून सांगायची!"

बाबांनी फोन आणखी तोंडाजवळ ओढला.

"ऐकलंस का? सगळं खोटं होतं म्हणतोय मी."

"ते असू दे रे," पलीकडून आवाज आला. "पण तो पोचला का? तू मध्येच सांगायचं बंद केलंस. आम्ही विचारून विचारून थकलो."

बाबांनी फोनवर तळहात ठेवला आणि मुलांकडे पाहिलं. चुका शोधणारे ते डोळे आता लहान मुलासारखे झाले होते. "काय सांगू त्याला?" त्यांनी हळूच विचारलं.

ताईने फोन हातात घेतला. लॅबमध्ये सुई हातात घेताना बसते तशी ऐसपैस बसली. "काका, मी बोलतेय. नाव मधोमध होती ना? तर दुसऱ्या दिवशी सकाळी नावाडी उठून बघतो तो काय, वल्हं गायब."

"कुत्र्याने नेलं असणार!" फोनमधून आवाज आला. "काय केलं त्या कुत्र्याने?"

कुत्रा ताईचा नव्हता; त्याने पुढे काय केलं ते तिला माहीत नव्हतं. चष्मेवाल्याने हात पुढे करून फोन मागितला.