पत्र्याच्या घरातले नऊ दिवस

मी आयुष्यात एकच घर बांधलं, आणि ज्यांच्यासाठी बांधलं ते आमचे आबाजी त्यात एकूण नऊ दिवस आणि एक संध्याकाळ राहिले.

आबाजी म्हणजे माझे वडील. तेल्हाऱ्याच्या काळ्या मातीत उभा जन्म काढलेला माणूस. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि तोही अकोल्याच्या कचेरीत कारकून! आई गेल्यावर त्यांचं तिकडं कुणी उरलं नाही. शेत बटईनं दिलं होतं. दर सणाला मी जाऊन विनवायचो, "आबाजी, आता अकोल्याले चला." ते तंबाखू मळत म्हणायचे, "तुह्या त्या भाड्याच्या खोलीत मी पाय कुठी पसरू? घर बांध, मंग येतो. मरेपर्यंत तुह्याजवळच राह्यतो." झालं! हे शेवटचं वाक्य मी मनावर घेतलं. बाप आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर सुखानं राहावा, एवढीच माझी इच्छा होती. (हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.)

अकोल्यातच, गावाबाहेर जागा घेतली. शेजारी किसनराव, वांगी, मेथी नि झेंडू पिकवून बाजारात विकणारा गृहस्थ. त्याचं घर धाब्याचं, म्हणजे लाकडी सऱ्यांवर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आणि पऱ्हाट्यांवर हातभर पांढरी माती. आमच्या वऱ्हाडात गरिबापासून पाटलापर्यंत सगळे त्याखालीच जन्मले आणि त्याखालीच गेले. पण मी पडलो इंग्रजी शिकलेला! सरकारी नोकरानं डोक्यावर चिखल घेऊन झोपायचं? ताटात माती पडायची, अंथरुणात विंचू पडायचा, आणि वर लोकांना सांगायचं की हे माझं घर?

शिवाय माझ्या साडूनं अमरावतीला कॅम्पात घर बांधलं होतं, आणि त्यावर पत्रे घातले होते. साडूनं पत्रे घातले म्हटल्यावर माझा विचार करण्याचा प्रश्नच मिटला. तरी खात्री करावी म्हणून आम्ही पौषात त्याच्याकडे जेवायला गेलो. बाहेर अंगावर काटा आणणारी थंडी, आणि आत भर दुपारी काय सुरेख ऊब!

"पाह्यलं?" साडू हात चोळत म्हणाला. "धाब्याखाली भेटन का हे सुख?"

मी मान डोलावली. उन्हाळ्यात काय होतं, हे मी विचारलं नाही. अकोल्यात जन्म काढणाऱ्या माणसाला उन्हाळ्याची आठवण होऊ नये, याला साधीसुधी अक्कल पुरत नाही!

आमचा गवंडी रहिमान मिस्त्री. त्यानं नकाशा पाहिला आणि डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं.

"बाबूजी, पत्रा जिनिंगवर टाकतेत. तिथं कापूस राह्यते. कापूस बोंबलत नाई. मानूस बोंबलते."

"मिस्त्री, तुम्हाला नव्या पद्धतीचं कळत नाही."

"ठीक हाये, नाई कळत. पन ह्या भिंती एवढ्या बारक्या कावून?"

"पत्र्याला वजन नसतं. भिंती बारीक ठेवल्या की खोल्या मोठ्या होतात." (हे मी स्वतः शोधून काढलं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता.)

"मंग उद्या धाबं टाका म्हनसान, तं हे भिंत झेलनार नाई. आत्ताच सांगून ठेवतो."

"कोण म्हणतंय धाबं टाका?" मी ओरडलो. रहिमाननं थापी उचलली, आणि बारीक भिंती वर चढू लागल्या.

भिंती डोक्याइतक्या आल्या, तेव्हा एके सकाळी दारात दोन बैलगाड्या येऊन उभ्या राहिल्या. तेल्हाऱ्याहून, वाटेत मुक्काम करत आलेल्या. गाड्यांत काय? पांढरी माती! गाडीवान म्हणाला, "आबाजीनं पाठोली. म्हने पोराले सांग, आपल्या गढीची माती हाये, थेंब गळत नाई अन् ऊन लागत नाई. सोता उभे राहून खनून देल्ली."

सत्तरीचा म्हातारा, भर उन्हात उभा राहून माती खणवतो आणि पोराच्या छपरासाठी दोन गाड्या धाडतो. मला भरून यायला हवं होतं. मला राग आला! मी माती अंगणाच्या कोपऱ्यात ओतून घेतली आणि पंधरा दिवस तिला शिव्या दिल्या.

शेवटी किसनराव कुंपणावरून म्हणाला, "भाऊ, तुमाले नको असंन तं मले द्या. माह्या धाब्याले यंदा मातीच भेटली नाई."

"न्या, न्या! सगळी न्या!" मी म्हणालो, आणि अंगण मोकळं केल्याबद्दल वर त्याचेच आभार मानले.

अक्षय तृतीयेला वास्तुशांत केली, आणि आबाजी तेल्हाऱ्याहून राहायलाच आले. मुहूर्त उत्तम होता, ऊनही उत्तम होतं. आत होम पेटला आणि वरून पत्रा पेटला. भटजी मंत्र गाळू लागले. मी ऐकलं, पण त्यांना दोष देववेना. जेवणाची पानं मांडली, तर पाहुणे पान हातात घेऊन एकेक करत किसनरावाच्या ओसरीवर निघाले. चार वाजता पत्रे ताणून 'टण्ण! टण्ण!' वाजायला लागले. आबाजी दचकून उठले.

"कोन दगड मारून राह्यलं बे?"

"कोणी नाही आबाजी, पत्रा तापला की वाजतो."

"अन् मातीचं काय केलं?"

मी वर पाहिलं. वर पत्रा होता. आबाजींनीही वर पाहिलं. मग त्यांनी पंचा ओला करून डोक्यावर घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सुरू झाले माझे इलाज. पहिल्या दिवशी पत्र्यावर घागरी ओतल्या. चर्रर्र झालं, आणि घरात अशी वाफ कोंडली की आमच्या हिला वाटलं, चुलीवरचं आधण सांडलं. तिसऱ्या दिवशी वर पऱ्हाट्यांचे भारे अंथरले. संध्याकाळी वादळ आलं आणि ते सगळे भारे किसनरावाच्या मेथीत जाऊन पडले. पाचव्या दिवशी आतून ओली तरटं टांगली. आता घरात गरम तर होतंच, वर भिजलेल्या बैलाचा वासही येऊ लागला.

"अवो," ही म्हणाली, "लोकं घर बांधून मंग त्यात राह्यतात. आपन घर बांधून मंग त्याची शुश्रूषा करतो."

आणि माणसं गळू लागली. आधी पोरं 'पाणी प्यायला' म्हणून किसनरावाकडे गेली, ती दिवे लागल्यावर परतली. मग ही तुरीची डाळ निवडायला जाऊ लागली. (घरात डाळ पसाभर नव्हती. निवडत काय होती, देव जाणे!) आबाजी मात्र हलले नाहीत. भर दुपारी बाजेवर ओला पंचा पांघरून पडून राहायचे. मी विचारायचो, "बरं वाटतं का?" तर म्हणायचे, "घर चांगलं हाये. लय उजेड हाये." माझ्यासाठी सोसत होते ते! मला कळत होतं, आणि कळूनही मी 'दोनच महिने, आबाजी' म्हणत होतो.

दहाव्या दिवशी दुपारी त्यांना घेरी आली. किसनरावानं मला दुसऱ्या टोकाला लावून बाजेसकट उचलून त्यांना आपल्या घरात नेलं. धाब्याखालच्या अंधारात तासाभरानं त्यांनी डोळे उघडले, वर पाहिलं, सऱ्यांतून बाजेवर झडलेली माती चिमटीत घेतली, चोळली आणि म्हणाले, "किसन, हे तं आपल्या गढीची!"

"हाव आबाजी. भाऊनं देल्ली."

आबाजी कुशीवर वळले आणि संध्याकाळपर्यंत झोपले. पुन्हा त्यांची बाज आमच्या घरी आली नाही.

मी चिडून अमरावती गाठली. साडूला जाब विचारायचाच, असं ठरवून गेलो, तर दाराला हे एवढं कुलूप! शेजारीण म्हणाली, "ते तं गुढीपाडव्यालेच चिखलदऱ्याले गेले. दरसाल जातेत. ह्या भट्टीत कोन राह्यते उन्हाळ्यात?"

रहिमानला बोलावून धाबं टाका म्हटलं. त्यानं भिंतीवर हात ठेवला, आणि एवढंच म्हणाला, "नाई झेलनार."

पाऊस लागल्यावर मी आशेनं आबाजींना घेऊन आलो. निदान गळत तर नव्हतं! त्या संध्याकाळी सरी कोसळल्या, आणि पत्र्यावर शंभर ताशे वाजू लागले.

"आबाजी, जेवता का?"

"काय?"

"जेवता का?"

"कोन मेलं?"

मी कानाशी तोंड नेऊन ओरडलो. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि पाऊस थांबल्यावर काठी टेकत शेजारी गेले. हिवाळ्यात मी पुन्हा विचारलं. साडूची ती ऊब दुपारपुरतीच असते आणि रात्री पत्रा बर्फासारखा होतो, हे तोवर मला समजलं होतं. त्यांनाही समजलं होतं.

आबाजी किसनरावाकडे तीन वर्षं राहिले. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन बसायचो. आमची ही दोन्ही वेळचं ताट न्यायची. ते झेंडूच्या माळा करायचे, किसनरावाला पेरणीचं सांगायचे आणि तेल्हाऱ्याहून कुणी आलं की त्याच ओसरीवर गप्पा मारायचे. मी त्या किसनरावाचा मनातल्या मनात किती दुस्वास केला! त्या भल्या माणसाचा दोष एवढाच, की त्याचं घर थंड होतं. आबाजी गेले तेही तिथेच, दुपारच्या झोपेत. अग्नी मी दिला. पण मरेपर्यंत माझ्याजवळ राहायला आलेला माझा बाप मला ठेवून घेता आला नाही, ही बोच काही त्या अग्नीत जळाली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही किसनरावाकडेच बसलो असताना तेल्हाऱ्याहून आबाजींचा एक जुना सोबती आला. नजर अधू, आणि मला त्यानं लहानपणानंतर पाहिलेलं नव्हतं. तो तडक किसनरावाच्या घरात शिरला, त्याच्या गळ्यात पडला आणि हुंदके देत म्हणाला, "लेका, लय सेवा केली तू बापाची! पोरगा असावा तं असा!" किसनराव इतका रडत होता की त्याच्या तोंडून शब्द फुटेना. म्हातारा डोळे पुसत माझ्याकडे वळला.

"अन् तुमी कोन, भाऊ?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण दारातून माझा पत्रा उन्हात लखलखताना दिसला.

"शेजारचा," मी म्हणालो.

"ते पत्र्याचं घर तुमचं?"

"हाव."

म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलं इकडे येऊन बसले," तो म्हणाला. "तिथं कोन्या मानसाच्यानं बसवन, बाप्पा!"