रोज रिकामी येणारी बाटली

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सव्वीस वर्षं क्रेन चालवत होते. रस्त्यावरून फिरते ती क्रेन नव्हे. उंच इमारत बांधताना शेजारी उभी करतात ती, मान वर करून बघितली तर टोपी पडावी अशी. तिच्यावर कपाटाएवढी काचेची केबिन असते, तीत ते बसायचे. वर जायला लोखंडी शिडी. चढायला वीस मिनिटं, उतरायला पंधरा. सकाळी सहाला चढले की दुपारी दोनला खाली. मधेच उतरायचं तर क्रेन बंद, आणि क्रेन बंद म्हणजे खालची साठ माणसं हातावर हात ठेवून उभी. "शालकमहाराज, मी लघवीला गेलो तर अख्खी इमारत थांबते," असं ते हसत सांगायचे. मीही हसायचो. सगळं त्या एका वाक्यात होतं आणि मी त्याला टाळी दिली, हे आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

माणूस शांत. दिवसभर खालच्या सिग्नलवाल्याशी वॉकीटॉकीवर तुटक बोलायची सवय, ती घरीही सुटली नव्हती. ताई फळीवर डबा ठेवत असली की हे खुर्चीतूनच सांगायचे, "डावीकडे... अजून... बस. सोड." ताई चिडायची, "मी काय तुमचं सिमेंट आहे?" पण डबा बरोबर जागी बसायचा. मोठाल्या काचा ते इतक्या अलगद खाली टेकवायचे, की खालचे लोक काम थांबवून बघत राहायचे. त्यांना सगळे 'वरचे साहेब' म्हणायचे. या नावावरून मी त्यांना खूप छळलं.

मी औषधाच्या दुकानात असतो. गिऱ्हाईक मला शिष्ट म्हणतात, कारण मी नुसतं औषध देत नाही, वर प्रवचनही देतो. एका दुपारी भाऊजी आले आणि उगाच साबणाच्या वड्या न्याहाळत उभे राहिले. दुकान रिकामं झाल्यावर काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "पोट साफ होत नाही रे. तीन आठवडे झाले."

मी इसबगोलचा डबा काढला आणि सुरू झालो. एक चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. वर आणखी एक ग्लास पाणी. कोरडी पावडर तोंडात टाकायची नाही, ती घशातच फुगते. दिवसभर पाणी भरपूर, कारण पाणी मिळालं नाही तर ही आतड्यात गोळा होऊन बसते. रक्तदाबाची गोळी आणि ही, यांच्यात दोन तासांचं अंतर. आणि पोट दुखलं, फुगलं, उलटी झाली, तर डबा बाजूला ठेवून थेट डॉक्टर.

"समजलं," भाऊजी म्हणाले.

"पाणी पिता ना पण?"

"तुझी ताई रोज लिटरभर बाटली भरून देते. घरी येऊन बघ, थेंब उरत नाही."

ते खरंच होतं. ताईच्या ओट्यावर ती निळी बाटली उपडी घातलेली मी कितीदा पाहिली होती. माझं समाधान झालं. चोपन्नाव्या वर्षी अचानक सुरू झालेली तक्रार तीन आठवडे टिकते, तर आधी तपासून घ्यायला हवं, हे मी परक्या माणसाला ठणकावून सांगितलं असतं. भाऊजींना नाही सांगितलं. घरचा माणूस, त्यातून असला नाजूक विषय. दोघांनाही लवकर उरकायचं होतं.

पंधरा दिवस गेले. गुरुवारी त्यांचं पोट फुगलं. ताईला म्हणाले, जरा पित्त झालंय. कमी पडत असेल म्हणून त्यांनी शुक्रवारी पहाटे पावडरीचे दोन चमचे घेतले आणि कामावर गेले. अकराच्या सुमारास केबिनमध्येच उलटी झाली. आकड्याला लोखंडी तुळई लटकत होती. ती जागेवर टेकवली, खालून "सोडा" आलं, आकडा मोकळा झाला, आणि मगच ते उतरायला लागले. त्या दिवशी उतरायला त्यांना पाऊण तास लागला.

हॉस्पिटलमध्ये मी पोचलो तेव्हा नाकात नळी घातलेली होती. सर्जनबाईंनी विचारलं, "इसबगोल घेताना पाणी किती प्यायचे?"

ताई ताठ मानेनं म्हणाली, "पाण्याची कमी नाही हो. रोज लिटरभर नेतात, बाटली रिकामी येते."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. ताई कागदांवर सही करायला गेल्यावर मी खुर्ची जवळ ओढली.

"बाटली मी खालीच वाटून टाकायचो," ते म्हणाले. "वर प्यायलो तर जायचं कुठे? बाकीचे रिकाम्या बाटलीत करतात. मला नाही जमलं रे. सव्वीस वर्षं नाही जमलं."

"आणि पावडर?"

"चमचा तोंडात टाकायचो. वर दोन घोट." मग माझं मनगट धरून म्हणाले, "तिला सांगू नकोस. रोज पाणी उकळून गार करून भरते ती."

मी मान हलवली. राग इतका आला होता की तोंड उघडलं असतं तर ओरडलोच असतो. त्यांच्यावर की माझ्यावर, ते आजही सांगता येणार नाही.

आतडं अडलेलं होतं आणि एका जागी फाटलं होतं. ऑपरेशन झालं, पण विष अंगभर पसरलं. चौथ्या दिवशी सकाळी भाऊजी गेले. ताई तेव्हा त्यांच्या पायांना तेल लावत होती. शिडीनं पडलेले घट्टे होते तळव्यांना.

आता कुणी पोटाची तक्रार घेऊन आलं की मी डबा काढायच्या आधी विचारतो, काम काय करता, आणि कामावरून मधे उठायला मिळतं का? लोक चमकतात. चमकू देत.

आठवड्यानं सिग्नलवाला घरी आला. नऊ वर्षं त्यानं भाऊजींचा आवाजच जास्त ऐकला होता. केबिनमधली पिशवी त्यानं ताईपुढे ठेवली. तीत टॉवेल, चष्मा आणि ती निळी बाटली.

"वहिनी, तुमच्या घरचं पाणी फार गोड," तो डोळे पुसत म्हणाला. "साहेब चढायच्या आधी रोज आम्हालाच पाजायचे. त्या दिवशीसुद्धा..."

मी खाकरलो. उशीर झाला होता.

"तुम्हाला?" ताई म्हणाली. "आणि ते?"

तो गडबडला. माझ्याकडे बघू लागला. ताईनंही माझ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"हॉस्पिटलमध्ये कळलं. सांगू नकोस म्हणाले."

ती उठून आत गेली आणि फळीवरून एक बाटली घेऊन आली. नवी, दोन लिटरची, दुकानाचं लेबल अजून तसंच. ती तिनं निळ्या बाटलीशेजारी ठेवली.

"रोज रिकामी यायची ना," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांना पाणी पुरत नाही."